साठ-शून्य

साठ विरुद्ध शून्य. आपल्या वस्तीतल्या कबड्डीतसुद्धा असा निकाल लागत नाही. पण ११ जून १९८२ ला हिंदी महासागरातल्या मॉरिशस नावाच्या बेटावर तो लागला. जेमतेम दहा लाख वस्तीचा देश. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एका आघाडीनं खिशात घातल्या. स्वातंत्र्यापासून चौदा वर्षं पंतप्रधानकीला चिकटून बसलेले सर सिवसागर रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात आडवे झाले. आणि जिंकले कोण? तर दहा वर्षांपूर्वी ज्यांना ह्याच सरकारनं तुरुंगात कोंबलं होतं ते. गोदीतले, बसडेपोतले, उसाच्या मळ्यातले युनियनवाले.

आणि २२ मार्च १९८३ ला ते मंत्रिमंडळ मोडलं.

आपल्याकडं नऊ महिन्यांत पोर जन्माला येतं. तिथं नऊ महिन्यांत एक राज्य मेलं. विरोधी पक्षानं मारलं म्हणावं, तर विरोधी पक्ष शिल्लकच नव्हता. लष्करानं मारलं म्हणावं, तर त्या देशाला लष्करच नाही. मग मारलं कुणी?

कुणी म्हणेल, आपल्या नळाला पाणी नाही, पोरांना काम नाही, आणि हा मॉरिशस काय घेऊन बसलाय? सांगतो. गेल्या रविवारच्या बैठकीत आपल्यात दोन तट पडले. निवडणुकीच्या तोंडावर आघाडीवाले दारात आलेत, एक-दोन जागा देतो म्हणतात. निम्मे म्हणाले, घ्या, सत्तेशिवाय काय होत नाही. निम्मे म्हणाले, थुंका असल्या जागांवर. रात्री साडेअकरापर्यंत भांडलो, चहा गार झाला, निर्णय काय झाला नाही. त्या भांडणाला उत्तर म्हणून हे लिहितोय. आणि दुसरं कारण असं, की ते साठ-शून्य मुळात गोदीच्या धक्क्यावर जन्मलं होतं. धक्क्यावर पोट भरणाऱ्याला त्याची हकिगत परकी वाटत नाही.

तर आधी बेट.

बेट रिकामं होतं. तिथं माणूसच नव्हता. डच आले, गेले. फ्रेंचांनी ऊस लावला आणि ऊस तोडायला आफ्रिकेतून, मादागास्करमधून माणसं आणली, साखळदंडात. पुढं बेट इंग्रजांकडं गेलं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी कायद्यानं संपली. पण ऊस संपला नव्हता. मळेवाल्यांनी आधीच सोय केली होती. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर यायला लागला. कलकत्त्याहून, मद्रासहून, आणि आपल्या मुंबई बंदरातून. मुंबईतून गेलेल्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची कोकणी माणसं बरीच. त्यांची पतवंडं आजही तिथं मराठी म्हणवून घेतात. सगळ्या बंदरांतून मिळून साडेचार लाखांच्या वर मजूर पोर्ट लुईच्या घाटावर उतरला. त्या घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. २००६ ला युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. चढणाऱ्यांना मात्र तेव्हा फक्त नंबर दिला होता.

आपल्या शास्त्र्यांचं म्हणणं, काळं पाणी ओलांडलं की जात बुडते. सपशेल खोटं! जातीला पोहता येतं. तिथल्या हिंदूंतसुद्धा उतरंड राहिली. वर मराज आणि बाबूजी, मधे संख्येनं दांडगे वैश, खाली राजपूत म्हणवणारे आणि रविवेद. नावं बदलली, पायऱ्या त्याच. क्रिओल भाषेत वरच्याला म्हणतात 'ग्रां नासियों', मोठी जात. खालच्याला 'ती नासियों', छोटी जात. रविवेद कोण, हे रोहिदासाचं नाव ऐकलेल्या माणसाला फोड करून सांगायला नको. ऊस एकच, कोयता एकच, मुकादमाची शिवी एकच. पण तोडणारे हात मोजून वेगळे ठेवलेले. जात ही श्रमाची वाटणी नसून श्रम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ ला सांगितलं. ती वाटणी जहाजातूनही गेली.

आणि गुलामांची पोरं? ती क्रिओल. तिथली सगळ्यात खालची पायरी त्यांची. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेनं माणसांचे चार रकाने केले: हिंदू, मुसलमान, चिनी. आणि ज्यांचं कशातच काही बसत नाही ते 'जनरल पॉप्युलेशन'. ह्या चौथ्या रकान्याची गंमत बघा. त्यात साखर कारखान्याचा गोरा फ्रेंच मालक, आणि त्याच रकान्यात त्याच्या आज्यानं विकत घेतलेल्या गुलामाचा नातू. दोघं एका ओळीत! कागदावर अशी समता जगात दुसरीकडं नसेल. ह्या रकान्यांवरून निवडणुकीनंतर 'बेस्ट लूजर' नावाच्या जास्तीच्या जागा वाटायच्या. पडलेल्या उमेदवारांपैकी ज्यांची जमात कमी पडली त्यांना आत घ्यायचं. म्हणून प्रत्येक उमेदवारानं अर्जात आपली जमात लिहायची. न लिहील त्याचा अर्ज बाद.

स्वातंत्र्याला उणेपुरे दोन महिने असताना, जानेवारी १९६८ ला पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमानांच्या गरीब वस्त्या एकमेकांवर उठल्या. मेले ते हमाल, रिकामटेकडे, पोरंसोरं. साखरवाल्यांच्या बंगल्याची काच फुटली नाही.

ह्या राखेतून १९६९ ला एम.एम.एम. निघाली. पोरं पंचविशीच्या आगेमागे, आपल्यासारखी. पोल बेरांजे, गोरा फ्रेंच वंशाचा, पॅरिसचं १९६८ बघून आलेला. देव विरासामी, तेलुगू वंशाचा, भाषेचा माणूस, कवी, नाटककार. बरोबर मुसलमान पोरं, क्रिओल पोरं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वंशाची लढाई बंद, वर्गाची सुरू. १९७० च्या पोटनिवडणुकीत हिंदूबहुल भागातून विरासामी निवडून आला. सरकारची झोप उडाली.

पण खरी चळवळ सभेतून उभी राहिली नाही. ती गोदीत उभी राहिली. त्या देशाचा जीव साखरेत, आणि साखर बाहेर जायची एकाच बंदरातून. पोत्यांत भरलेली, माणसाच्या पाठीवरून बार्जमध्ये, बार्जमधून जहाजात. म्हणजे गोदी थांबली की देश थांबला. १९७१ ला गोदी थांबली. बस थांबल्या. हिंदू, मुसलमान, क्रिओल कामगार एका गेटवर बसले. ज्या शहरात तीन वर्षांपूर्वी त्यांनी एकमेकांची घरं जाळली होती, त्याच शहरात. दोस्तहो, ही गोष्ट छोटी समजू नका. पोतं उचलताना खालचा हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही. पाठीवर ऐंशी-शंभर किलो असताना जात आठवत नाही. ती आठवते पोतं खाली ठेवल्यावर, डबा उघडताना. हे आम्ही रोज बघतो.

सरकारनं काय केलं? २५ नोव्हेंबर १९७१ ला अझोर अदेलाईद नावाचा गोदी कामगार, चळवळीचा कार्यकर्ता, रस्त्यावर गोळी लागून मेला. गोळी बेरांजेसाठी होती असं तिथं आजही मानतात. मेला अदेलाईद. नेहमीसारखंच. गोळी पुढाऱ्याच्या नावाची असते, छाती कामगाराची. पाठोपाठ डिसेंबरात आणीबाणी. युनियनवर बंदी, सभांवर बंदी, पेपरावर कात्री. बेरांजे आणि साथी १९७२ चं जवळजवळ अख्खं वर्ष तुरुंगात. १९७२ च्या निवडणुका ढकलत ढकलत १९७६ ला नेल्या.

हेच १९७२ साल आपलं. मुंबईत पँथर त्याच वर्षी निघाली. ते १९७३ ला फुटले, विरासामी वेगळा झाला. आपण १९७४ ला फुटलो. तिथंही भांडण तत्त्वाचंच होतं म्हणतात. फुटणाऱ्याला तत्त्व कधी कमी पडत नाही.

१९७६ ला एम.एम.एम.नं सत्तरपैकी चौतीस जागा आणल्या. सगळ्यात मोठा पक्ष. पण रामगुलामांच्या मजूर पक्षानं गाएतां द्युवालच्या पक्षाशी पुन्हा पाट लावला आणि खुर्ची राखली. हा द्युवाल म्हणजे १९६७ ला स्वातंत्र्यालाच विरोध करणारा. मग सहा वर्षं भ्रष्टाचार, बेकारी, १९७९ ला आणि पुन्हा १९८१ ला रुपयाची घसरण. लोक पेटले. आणि आलं साठ-शून्य.

इथून नीट ऐका. कारण इथपर्यंत पवाडा आहे, इथून पुढं पोस्टमार्टेम.

पहिली गोष्ट. ते साठ-शून्य शुद्ध नव्हतं. बेरांजे चळवळीचा मेंदू, पण गोरा. हिंदू बहुसंख्य देश गोऱ्याला पंतप्रधान करणार नाही, हा हिशेब चळवळीनंच आधी मांडला. म्हणून पंतप्रधानकीसाठी पुढं केले अनिरुद्ध जगन्नाथ, बॅरिस्टर, हिंदू. शिवाय हिंदू मतांची खात्री हवी म्हणून मजूर पक्षातून फुटलेल्या हरीश बुधूंच्या पी.एस.एम.शी युती. साठात बेचाळीस ह्यांचे, अठरा त्यांचे. जगन्नाथ पंतप्रधान, बुधू उपपंतप्रधान, बेरांजे अर्थमंत्री. भाषणात वर्ग, उमेदवार ठरवताना जमात! पाया खणतानाच त्यात वाळवी घातली आणि वर माडी बांधली. मग माडी पडली तर नवल कशाचं?

दुसरी गोष्ट. पोट. तिजोरी रिकामी होती, हे खरं. कर्ज डोक्यावर होतं, हेही खरं. पण गोदीच्या गेटवर भाषणं करणारा बेरांजे अर्थमंत्री झाला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींची वही उघडून बसला. खर्च कापा, पट्टा आवळा. कुणाचा पट्टा? ज्याच्या कमरेला पट्टाच नाही, सुतळी आहे, त्याचा! ज्यांनी मत दिलं ते म्हणाले, अरे, हेच तर रामगुलाम सांगत होता. आणि गोदीत तोवर काय झालं होतं? १९८० ला साखरेचं बल्क टर्मिनल सुरू झालेलं. पोती गेली, पट्ट्यावरून सुटी साखर सरळ जहाजात. ज्या पाठींनी चळवळ उचलली होती, त्या पाठींचं कामच गेलं. चळवळीचं सरकार आलं तेव्हा चळवळीची गोदी अर्धी मेली होती. आपल्याकडंही तेच. १९८९ ला न्हावाशेवा उघडलं, कंटेनर आला, टोळ्याच्या टोळ्या संपल्या. उरलो आम्ही, ठेकेदाराच्या वहीत रोजच्या रोज नाव लिहून घेणारे. युनियनच्या जिवावर राज्य आणायचं असेल तर युनियनच्या पोटाखालचा पाट कोण ओढतोय ह्यावर डोळा पाहिजे. त्यांनी ठेवला नाही. आपणही ठेवला नाही.

तिसरी गोष्ट. भाषा. इथं मला जास्त दुखतं, कारण मीही शब्दांची हमाली करतो. बेटावर बहुतेकांच्या तोंडात क्रिओल. गुलामांनी फ्रेंचांच्या शब्दांची मोडतोड करून घडवलेली भाषा. हिंदू मजूरही बोलतो, चिनी दुकानदारही बोलतो. पण विधिमंडळाची भाषा इंग्रजी, सवलत फ्रेंचला. क्रिओल म्हणजे अडाण्यांची बडबड. आपल्या बोलीला बामणी मराठीनं जे म्हटलं तेच. क्रिओलला मान द्यायचा हा विचार म्हणून शंभर नंबरी खरा होता. पण केलं कसं? १२ मार्च १९८३, स्वातंत्र्याचा वाढदिवस. टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं, आणि ते इंग्रजीऐवजी क्रिओलमध्ये! वस्तीवस्तीत बोलून, मळ्यातल्या भोजपुरी बोलणाऱ्या म्हातारीला सोबत घेऊन केलेलं काम नव्हतं ते. वरून पडलं. लगेच दुसऱ्या बाजूनं कानात फुंकलं गेलं: बघा, आता तुमची हिंदी, भोजपुरी, मराठी, तमिळ सगळं पुसणार. गोरा आणि क्रिओल मिळून हिंदूंना खाणार. म्हातारी घाबरली. तिला कुणी समजावलंच नव्हतं, घाबरवायला मात्र बरेच आले. दहा दिवसांत, २२ मार्चला, बेरांजे आणि त्याच्या बाजूचे मंत्री राजीनामे फेकून बाहेर पडले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते घाण आहे. जगन्नाथांनी नवा पक्ष काढला, एम.एस.एम. बुधूंचा पक्ष त्यात विरघळला. आणि मग त्यांनी हात कुणाशी मिळवला? मजूर पक्षाशी आणि द्युवालशी. ज्यांना साठ-शून्यनं गाडलं त्यांनाच उकरून काढलं. २१ ऑगस्ट १९८३ ला निवडणूक. ह्यांना एक्केचाळीस, एम.एम.एम.ला एकोणीस. एम.एम.एम.ला मतं शेकडा शेहेचाळीसच्या आसपास, तरी जागा एकोणीसच. त्याच वर्षाअखेर रामगुलाम गव्हर्नर जनरलच्या वाड्यात राहायला गेले. आणि बेरांजे? तो आपल्या मतदारसंघात पडला. विधिमंडळात आला तो 'बेस्ट लूजर' म्हणून. जमातीच्या ज्या शिडीला लाथ मारायला निघाला होता, त्याच शिडीवरून आत. हसावं का रडावं?

आता रकान्याची गोष्ट पुरी करतो, कारण आपल्याला ती लागू आहे. त्या काळात एक निर्णय झाला: जनगणनेत जमात विचारायची नाही. १९८३ च्या जनगणनेत तो प्रश्नच नव्हता. ऐकायला किती छान! पण 'बेस्ट लूजर' तसाच ठेवला. मग त्याच्या हिशेबाला आकडे कुठले? १९७२ चे! पुढची कित्येक वर्षं मेलेल्या माणसांच्या शिरगणतीवर जिवंत माणसांच्या जागा ठरत राहिल्या. जमात लिहायला नकार देणाऱ्या तरुणांचे अर्ज बाद होत राहिले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेले, आणि २०१२ ला समितीनं सांगितलं की जुन्या आकड्यांवर अशी सक्ती करणं हा हक्कभंग आहे. आणि क्रिओल माणसाचं काय? तो 'जनरल पॉप्युलेशन'मध्ये गडप. किती बेकार, किती शाळेबाहेर, कुणाकडं जमीन, विचारायची सोय नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा क्रिओल गवय्या पोलीस कोठडीत मेला तेव्हा बेट पेटलं. तेव्हा कुठं शहाण्यांना कळलं की ह्या रकान्यात माणसं राहतात.

आपल्याकडंही सफेद कपड्यातले लोक म्हणतात, जात विचारू नका, विचारल्यानं जात वाढते. त्यांना हे बेट दाखवा. रकाना पुसल्यानं जात मरत नाही. तिचा फक्त पुरावा मरतो.

मग धडा काय? सत्ता वाईट, लांब राहा? नाही. असं म्हणणारा आपल्याला कायम मोर्च्यात चालवणार आणि स्वतः बंगल्यात झोपणार. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं: राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात, पैशात विषमता, हा विरोध लवकर मिटवला नाही तर लोकशाहीचा हा डोलारा उडेल. मॉरिशसात मत एक झालं. साठ जागांवर एक झालं. समाज एक झाला नव्हता. म्हणून डोलारा नऊ महिन्यांत उडाला. आणि साठ-शून्य काही तिथं एकदाच झालं नाही. १९९५ ला झालं, २०२४ ला झालं. पंतप्रधानपद मात्र स्वातंत्र्यापासून रामगुलाम आणि जगन्नाथ ह्या दोन घराण्यांतच फिरत राहिलं. मधे २००३ ते २००५ तेवढा बेरांजे, तोही जगन्नाथांशी पुन्हा समझोता करून. आकडा मोठा आला म्हणजे क्रांती झाली, असं समजणाऱ्यांनी हे पाठ करावं.

तेव्हा रविवारच्या दोन्ही तटांना माझं सांगणं. जागा घ्यायच्या की नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की आपल्या बैठकीत मातंगाचं पोर किती? चर्मकाराचं, भटक्याचं, मुसलमानाचं किती? बाया किती, आणि त्या सतरंज्या उचलायला येतात की बोलायला? आपल्या नाक्यावर वाल्मीकी वस्ती आहे. जयंतीला आपली मिरवणूक त्या गल्लीच्या तोंडावरून वळते, आत जात नाही. का जात नाही? ह्याचं उत्तर आधी द्या, मग आघाडीवाल्याला उत्तर द्या.

आणि जागा घेतलीच, तर तीन गोष्टी कागदावर लिहून घेऊन घ्या. एक, उमेदवार पोटजातीच्या बेरजेवर ठरणार नाही, कामावर ठरेल. दोन, निवडून आलेला माणूस पहिल्यांदा ठेक्यावरच्या कामगाराच्या मजुरीला हात घालील, पुतळ्याच्या उद्घाटनाला नंतर जाईल. तीन, कुठलाही निर्णय, तो कितीही खरा असो, वस्तीत बसून, म्हातारीला समजावून मग होईल. टीव्हीवरून होणार नाही. ह्या तीन गोष्टी मान्य नसतील तर जागा त्यांच्या त्यांना लखलाभ.

वेळ लागेल. पोर्ट लुईच्या कामगारांना दंगलीच्या राखेतून एका गेटवर यायला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांचं मोल पुढाऱ्यांनी नऊ महिन्यांत उधळलं. गेट त्यांनी जिंकलं होतं. घर जिंकलं नव्हतं. डबा उघडताना जात आठवायची बंद होईल तेव्हा साठ काय, एक जागा आली तरी पुरे.

येत्या रविवारी बैठक वाल्मीकी वस्तीत आहे. मी विचारून आलोय. चहा ते देणार आहेत. न पिता उठेल त्यानं ह्या मासिकाची वर्गणी परत घेऊन जावी.

जयभीम.